चुन्याचा हिशेब: दगडापासून भिंतीपर्यंत आणि पुन्हा दगडापर्यंत

बेळगावच्या बाजारात पानाच्या दुकानावर मराठी गिऱ्हाईक जी वस्तू ‘चुना’ म्हणून मागते तीच कन्नड गिऱ्हाईक ‘सुण्ण’ म्हणून मागते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील बाटलीवर तिचेच नाव कॅल्शियम हायड्रॉक्साइड असे लिहिलेले असते. वस्तू एक आणि नावे अनेक, ही गोष्ट सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलामुलींना नवी नाही. तरीही दहावीपर्यंत अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग हे शब्द वापरून शिकलेला विद्यार्थी पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या, विज्ञान शाखेत गेला की तेच शब्द ॲटम, मॉलिक्यूल, एलिमेंट, कंपाऊंड होऊन समोर येतात आणि आपल्याला रसायनशास्त्रच येत नाही असे त्याला वाटू लागते. शिकवण्याच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ही अडचण शब्दांची कमी आणि हिशेबाची जास्त असते. कोणत्या पदार्थातून काय निघाले, ते कोठे गेले आणि त्याचे वजन किती, एवढे ज्याला नीट सांगता येते त्याला नवे शब्द अंगवळणी पडायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून या लेखात चुना हा एकच पदार्थ हाती धरून त्याच्या मागोमाग जायचे आहे, कारण दहावीच्या रसायनशास्त्रातील बहुतेक मुख्य कल्पना त्याच्या वाटेवरच भेटतात.

चुन्याची सुरुवात चुनखडीच्या दगडापासून होते. हा दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यात कॅल्शियम, कार्बन व ऑक्सिजन अशी तीन मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात जोडलेली असतात: एका कॅल्शियममागे एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन. ज्या पदार्थात एकाच प्रकारचे अणू असतात त्याला मूलद्रव्य म्हणतात, आणि वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात बांधले जाऊन जो नवाच पदार्थ होतो त्याला संयुग म्हणतात. ‘नवाच’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शुद्ध कॅल्शियम हा चंदेरी धातू आहे, पाण्यात टाकला तर तो हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरतो. कार्बन हा कोळशात असतो. ऑक्सिजन हा वायू आहे. या तिघांच्या गुणांची बेरीज केली तर पांढरा, मुका, पाण्यात न विरघळणारा दगड कधीच मिळणार नाही. हाडांसाठी कॅल्शियम हवे असे आपण म्हणतो तेव्हाही तो चंदेरी धातू आपल्या मनात नसतो, तर कॅल्शियमची संयुगे असतात.

हा दगड फोडून त्याची भुकटी केली तरी तो कॅल्शियम कार्बोनेटच राहतो. हा भौतिक बदल होय. पण चुन्याच्या भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड उरते, ज्याला आपण कळीचा चुना म्हणतो. भट्टीतून बाहेर काढलेला खडा दिसायला जवळजवळ आधीच्याच आकाराचा असतो, परंतु हातात घेतला की हलका लागतो, आणि त्यावर पाणी पडले की तो फुलतो, तडकतो, वाफ सोडतो. दिसणे फारसे बदलले नाही, पण वागणे पूर्ण बदलले. हा रासायनिक बदल आहे. केवळ रंगरूप पाहून रासायनिक बदल ओळखू नये हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कळीच्या चुन्याला ही दाहकता कोठून येते, या प्रश्नावर अठराव्या शतकापर्यंत सर्वमान्य समजूत अशी होती की भट्टीतील अग्नीचे काही द्रव्य दगडात शिरते आणि म्हणून तो जाळू लागतो. समजूत ऐकायला पटणारी आहे, कारण आगीत ठेवलेली वस्तू दाहक होऊन बाहेर येते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या वैद्यकाच्या अभ्यासकाने तराजू वापरला. दगडात काही शिरत असेल तर वजन वाढायला हवे. प्रत्यक्षात ते घटत होते. म्हणजे काही आत गेलेले नसून बाहेर पडलेले होते, आणि जे बाहेर पडले तो नेहमीच्या हवेहून वेगळा वायू होता. त्याने १७५६ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले आणि दगडात अडकून बसलेली हवा या अर्थाने त्या वायूला ‘स्थिर वायू’ असे नाव दिले. तोच आजचा कार्बन डायऑक्साइड. आपल्या उच्छ्वासातही हाच वायू असतो हे त्याने चुन्याच्या निवळीवर, म्हणजे चुना तळाशी बसल्यावर वर उरणाऱ्या स्वच्छ पाण्यावर, दाखवले. पुढे फ्रान्समध्ये आंत्वान लाव्हाझिए याने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात वस्तुमान अक्षय्यतेचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला: रासायनिक अभिक्रियेच्या आधी जेवढे वस्तुमान असते तेवढेच नंतर असते.

आता हा नियम चुनखडीवर लावून पाहू. अणूंची तुलनात्मक वस्तुमाने अशी घेऊ: कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६. मग कॅल्शियम कार्बोनेटचे वस्तुमान ४० अधिक १२ अधिक तीन वेळा १६, म्हणजे बरोबर १०० येते. कॅल्शियम ऑक्साइडचे ४० अधिक १६, म्हणजे ५६. कार्बन डायऑक्साइडचे १२ अधिक दोन वेळा १६, म्हणजे ४४. आणि ५६ व ४४ मिळून १०० होतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की शुद्ध चुनखडी १०० किलो पूर्ण भाजली तर ५६ किलो कळीचा चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू धुराबरोबर आकाशात जातो. भट्टीवाल्याला आपला माल जवळजवळ निम्मा कमी झालेला दिसतो, पण नाहीसे काहीच झालेले नसते. एक कॅल्शियम, एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन आधी एकत्र होते. नंतर एक ऑक्सिजन कॅल्शियमजवळ राहिला आणि दोन कार्बनबरोबर निघून गेले. रासायनिक समीकरण ‘संतुलित’ करणे म्हणजे हीच मोजणी दोन्ही बाजूंना जुळवणे. ती जुळवताना पदार्थाच्या सूत्राआधी लिहायचा आकडा बदलता येतो, सूत्राच्या आतला आकडा बदलता येत नाही, कारण आतला आकडा बदलला की पदार्थच दुसरा होतो.

येथे ‘मोल’ ही कल्पना येते, आणि बहुतेक विद्यार्थी येथेच अडखळतात. अणू इतके लहान आहेत की ते एकेक मोजणे शक्य नाही, म्हणून ते ठोक संख्येने मोजावे लागतात. निपाणी भागात बिड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार बिड्यांवर ठरते. एका बिडीचा भाव कोणी बोलत नाही, ‘हजारी’ हेच तेथले मोजमाप. मोल हे अणुरेणूंचे असेच ठोक मोजमाप आहे, फक्त त्यातील संख्या प्रचंड आहे: ६०२२ लिहून पुढे वीस शून्ये द्यावीत, तेवढी. २०१९ सालापासून ही संख्या व्याख्येनेच पक्की ठरवली गेली आहे. आता लहान बिड्या हजार आणि लांब बिड्या हजार घेतल्या तर संख्या सारखी असूनही वजन वेगळे भरेल. पदार्थाचे तुलनात्मक वस्तुमान जितके, तितके ग्रॅम घेतले की त्याचा एक मोल होतो. त्याचप्रमाणे ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांची वजने वेगळी, पण दोन्हींत एकेक मोल. रसायनशास्त्रज्ञ तराजूवर ग्रॅम पाहतो आणि मनात संख्या मोजतो. मोल हा त्या दोघांमधला पूल आहे. हायड्रोजनचे वस्तुमान १ धरले तर एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, म्हणजे एक घोटभर पाणी, आणि त्या घोटात ६०२२ वर वीस शून्ये एवढे रेणू असतात.

वायूंच्या बाबतीत हे मोजमाप आणखी सोपे होते, कारण शून्य अंश तापमानाला आणि वातावरणाच्या सामान्य दाबाखाली कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. आपल्या १०० किलो चुनखडीतून निघालेला ४४ किलो वायू म्हणजे एक हजार मोल, म्हणजे त्या परिस्थितीत २२,४०० लिटर. पाण्याच्या हजार लिटरच्या बावीस टाक्या भरून वर थोडा उरेल इतका वायू एवढ्याशा दगडाच्या ढिगात बांधलेला होता.

एका कॅल्शियमला एकच ऑक्सिजन का पुरतो, याचे उत्तर इलेक्ट्रॉनमध्ये आहे. कॅल्शियमच्या अणूत २० इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, ८, २ अशी असते. शेवटचे दोन दिले की त्याची बाहेरची कक्षा भरलेली राहते. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा असतात आणि त्याला दोन हवे असतात. देणाऱ्याचे दोन आणि घेणाऱ्याचे दोन जुळले, म्हणून दोघांची संयुजा दोन. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेल्या हायड्रॉक्साइड गटाची संयुजा मात्र एक असते, त्यामुळे एका कॅल्शियममागे असे दोन गट लागतात. (काटेकोर बोलायचे तर चुनखडीत किंवा कळीच्या चुन्यात पाण्यासारखे सुटे रेणू नसतात, धन आणि ऋण प्रभाराचे आयन एकमेकांशेजारी रचून तयार झालेला तो स्फटिक असतो, आणि सूत्र फक्त त्यांचे प्रमाण सांगते.)

भट्टीतून आलेली चुन्याची कळी विरवताना जवळ उभा राहिलेला माणूस ते दृश्य विसरत नाही. पाणी ओतल्यावर काही क्षण काहीच होत नाही. मग खडे फुटू लागतात, फसफसतात, वाफेचे लोट येतात आणि हौदातले पाणी उकळू लागते, जरी खाली जाळ नसला तरी. ५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाणी स्वतःत घेतो आणि ७४ किलो विरवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. जी अभिक्रिया घडताना उष्णता बाहेर पडते तिला उष्मादायी म्हणतात आणि जिला घडण्यासाठी सतत उष्णता द्यावी लागते तिला उष्माग्राही म्हणतात. भट्टीतील भाजणे हे दुसऱ्या प्रकारचे आणि विरवणे हे पहिल्या प्रकारचे. एक किलो कळीचा चुना विरताना निघणारी उष्णता सुमारे तीन लिटर गार पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. म्हणूनच हे काम नेहमी चुना हळूहळू पाण्यात सोडून, अंतर राखून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून करावे. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: पानाचा ओला चुनासुद्धा डोळ्यासाठी अतिशय घातक आहे. चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. चुना डोळ्यात गेलाच तर न चोळता लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा बराच वेळ धुवावा आणि तसेच दवाखाना गाठावा.

विरवलेला चुना वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाण्यात दळून जुन्या वाड्यांच्या भिंती बांधल्या गेल्या, आणि पातळ करून दिवाळीआधी त्याच भिंतींना हात दिला गेला. चुना ‘वाळला’ की घट्ट होतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. पाणी उडून जाते हे खरे. मात्र खरे घट्टपण त्यानंतर सावकाश येते, जेव्हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. ७४ किलो विरवलेला चुना ४४ किलो कार्बन डायऑक्साइड घेतो. १०० किलो कार्बोनेट तयार होते आणि १८ किलो पाणी सुटते. म्हणजे भट्टीत जेवढा वायू गमावला तेवढाच भिंतीने परत घेतला, विरवताना जेवढे पाणी प्यायले तेवढेच परत दिले, आणि आपल्या हाती जो आला तो पहिलाच दगड, फक्त आपल्याला हव्या त्या आकारात. जाड भिंतीच्या आतपर्यंत हवा पोचायला वेळ लागतो, म्हणून तिचा गाभा दगड व्हायला वर्षेच्या वर्षे लागू शकतात.

वजनाचा हिशेब असा पूर्ण वर्तुळ होऊन जुळतो. उष्णतेचाही जुळतो, आणि मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. एक मोल चुनखडी भाजायला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. तेवढाच चुना विरवताना सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळते. उरलेली ११३ कोठे गेली? भिंत घट्ट होताना बाहेर पडली, पण इतक्या सावकाश की भिंतीला हात लावून कोणाला ती जाणवत नाही. ६५ आणि ११३ यांची बेरीज १७८. जेथून निघालो तेथेच परत आलो तर वाटेत दिलेली आणि घेतलेली उष्णता समान असते. मधले टप्पे किती आणि कोणते याने फरक पडत नाही. हा नियम जर्मेन हेस याने १८४० साली मांडला. पीयूसीला तो इंग्रजीतून शिकवला जातो तेव्हा कोरडा वाटतो. चुन्याची भट्टी, हौद आणि भिंत या तीन जागा डोळ्यांपुढे ठेवल्या तर त्यात अवघड काहीच उरत नाही.

आता आम्ल आणि आम्लारी यांच्याकडे वळू. वरणाचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की पिवळा डाग तांबडा होतो, हे घरोघरी पाहिलेले असते. हळदीतील रंगद्रव्य आम्लारीच्या संगतीत लाल होते आणि आम्ल मिळाले की पुन्हा पिवळे होते. हळद आणि चुना यांपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. कागदाच्या पट्टीला हळदीचे पाणी लावून ती वाळवली की घरच्या घरी दर्शक तयार होतो. चुन्याच्या निवळीत ती बुडवली तर लाल होते, त्यावर लिंबू पिळले तर पिवळी. पाण्यात हायड्रोजन आयन वाढवतो तो आम्ल, आणि हायड्रॉक्साइड आयन वाढवतो तो आम्लारी. दोघे भेटले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी होते आणि दोघांचाही जोर ओसरतो. यालाच उदासिनीकरण म्हणतात. हा जोर मोजण्याची पट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली दिली. पुस्तकात तिला पीएच म्हणतात, मातीपरीक्षणाच्या मराठी अहवालात सामू म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. ही पट्टी साधी चढत जात नाही: प्रत्येक एका अंकाला जोर दहापट बदलतो, म्हणून सामू ५ असलेला द्राव सामू ७ च्या द्रावापेक्षा शंभरपट आम्लधर्मी असतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण गुऱ्हाळात सापडते. चिकोडी, हुक्केरी, रायबाग या पट्ट्यात उसाशी संबंध नसलेले घर सापडणे कठीण. ताज्या रसाचा सामू पाचच्या थोडा वर असतो, म्हणजे रस सौम्य आम्लधर्मी असतो. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, हा १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन असलेला मोठा रेणू आहे; आम्लधर्मी रस काहिलीत तापला की या रेणूत पाण्याचा एक रेणू शिरतो आणि तो तुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन लहान रेणू होतात. येथेही हिशेब पाहावा: ३४२ आणि पाण्याचे १८ मिळून ३६०, आणि तुटलेले दोन तुकडे प्रत्येकी १८०. या लहान साखरा सहजासहजी स्फटिक धरत नाहीत आणि हवेतील ओलावा ओढतात, त्यामुळे गूळ चिकट राहतो, ढेप धरत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याचे पाणी घालतो. सामू सहा-साडेसहाच्या आसपास येतो, साखर तुटणे मंदावते, आणि रसातील काही अशुद्ध द्रव्ये चुन्याबरोबर गोळा होऊन मळीच्या रूपाने वर येतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस ती मळी धरून ठेवतो आणि ती झाऱ्याने काढून टाकता येते. पण चुना जास्त झाला तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आम्लारीत बिघडून काळसर द्रव्ये तयार होतात आणि गूळ रंगाने काळा व चवीला खारट होतो. कमी पडला तर ढेप बसत नाही, जास्त पडला तर भाव मिळत नाही. या दोन टोकांमधली जागा जुना गुळव्या रंगावरून, फेसावरून आणि पाकाच्या तारेवरून ओळखतो, आणि ती ओळख मोजपट्टीच्या अंकाशी जुळते. त्याच्या कामाला अनुभव म्हणून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते. ते रसायनशास्त्रच आहे, फक्त त्याची पट्टी वेगळी आहे.

तंबाखूला चुना का चोळतात, याचेही कारण हेच आहे. निकोटीन स्वतः आम्लारी आहे. पानात ते बरेचसे आम्लाशी बांधलेले असते. चुना ते मोकळे करतो, आणि मोकळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरते. चुना चव वाढवतो असे वाटते, प्रत्यक्षात तो व्यसन वेगाने आत पोचवतो आणि तोंडाची नाजूक त्वचाही जाळतो. या भागात तोंडात तंबाखूची गोळी धरणारी शाळकरी मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे वाक्य वर्गात मुद्दाम उच्चारावे असे मला वाटते.

शेवटचा टप्पा पाण्याचा. पेल्यात चुन्याची निवळी घेऊन तिच्यात नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडने न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात. निवळी पुरेशी पातळ असेल आणि तिच्यात हा वायू तसाच सोडत राहिले तर दुधाळपणा हळूहळू जाऊन पाणी पुन्हा स्वच्छ होते: जादा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि कार्बोनेट मिळून विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. नेमके हेच जमिनीखाली घडते. खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला, प्रचंड पावसाने जमिनीतील विरघळणारे क्षार पिढ्यान्‌पिढ्या वाहून गेले आहेत, म्हणून तेथील तांबड्या मातीचा कल आम्लतेकडे असतो. अथणीकडे पाऊस कमी, काळ्या मातीत चुनखडीचे खडे तसेच राहतात आणि सामू ७ च्या वर जातो. अशा चुनखडीच्या जमिनीतून झिरपणारे पाणी वाटेत कार्बोनेट विरघळवून घेते आणि बोअरवेलमधून जड, म्हणजे साबणाला सहज फेस न येणारे, होऊन वर येते. ते तापवले की बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि पातेल्याच्या तळाशी जो पांढरा कठीण थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. त्या थरावर थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहावा. तो फसफसेल, आणि त्या बुडबुड्यांत तोच वायू असेल जो भट्टीच्या धुराड्यातून गेला होता.